छप्पर नसलेलं चर्च

मुंबईहून लिस्बनला थेट विमान नाही. मध्ये कुठेतरी उतरून दुसरं धरावं लागतं. मी दुबईमार्गे गेले. पहिला टप्पा तीन तासांचा, रात्रीचा, अर्धवट झोपेतला. त्यात सांगण्यासारखं काही घडलं नाही. दुसरा टप्पा आठ तासांचा आणि पूर्ण उजेडातला. लांबच्या प्रवासात जाणकार मंडळी कडेची सीट घेतात, म्हणजे कुणाला न उठवता पाय मोकळे करता येतात. मी खिडकीची मागून घेतली. मला हे अंतर डोळ्यांनी बघायचं होतं.

बघायला आधी फक्त वाळवंट होतं, तासन् तास. पिवळं, मग तांबूस, मग राखाडी. मधूनच एखादा रस्ता सरळ रेघेसारखा जायचा आणि कुठेच न पोचता संपायचा. जेवण आलं, ते अळणी लागलं. स्वयंपाक बिघडला होता असं नाही. दहा-अकरा किलोमीटर उंचीवर विमानात हवेचा दाब दोन हजार मीटरच्या डोंगरावर असावा इतकाच ठेवलेला असतो आणि हवा वाळवंटाहून कोरडी असते, त्यामुळे मीठ आणि गोड दोन्ही जिभेला कमी जाणवतं. मी आईने दिलेली लसणीची चटणी काढली आणि शेजारच्या बाईंनाही दिली. त्या केरळच्या होत्या, पोर्तोत नर्सचं काम करणाऱ्या मुलीकडे बाळंतपणासाठी निघाल्या होत्या. त्यांच्या पिशवीत काय काय होतं याची यादी त्यांनी मला मोठ्या आनंदाने सांगितली.

पश्चिमेला जाणारं विमान सूर्याच्या मागे धावत असतं. जूनमध्ये लिस्बनचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असतं, म्हणजे माझ्या वाट्याला आलेला तो दिवस साडेअठ्ठावीस तासांचा होता. आणि वर उंचावर वाहणारे जोरदार वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे जातात, म्हणून जाताना ते तोंडावर येतात आणि येताना पाठीवर; युरोपला जायला परतीपेक्षा जास्त वेळ लागतो तो त्यामुळे.

वाऱ्याचा विचार डोक्यात आला आणि मग सुटेना. ज्या शहरात मी निघाले होते त्याचं वर्षाचं वेळापत्रक एके काळी आपल्याच वाऱ्याने ठरवलं होतं. भारताकडे निघणारी पोर्तुगीज जहाजं लिस्बनहून मार्च-एप्रिलमध्ये सुटायची, आफ्रिकेला वळसा घालून नैर्ऋत्य मोसमी वारा पकडायची आणि पाऊस ओसरला की सप्टेंबरच्या सुमारास गोव्याला लागायची. परतीची जहाजं डिसेंबर-जानेवारीत, वारा उलटल्यावर. उशीर झाला की मोझांबिकला थांबून पुढच्या हंगामाची वाट बघायची. वास्को द गामा ८ जुलै १४९७ ला लिस्बनहून निघाला आणि मे १४९८ मध्ये कालिकतच्या किनाऱ्याला लागला. सुमारे १७० माणसं गेली होती, त्यातली निम्मीसुद्धा परत आली नाहीत. आमच्याकडचे कोळी पावसाळ्यात होड्या ओढून ठेवतात आणि नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ देतात, ते गणित युरोपच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या राजाला आणि सावकारांनाही पाठ करावं लागलं. वसईत वाढलेल्या मुलीला या गोष्टीचं अप्रूप वाटणारच.

वसईचं सांगायला हवं, कारण मी लिस्बनला गेले ती वसईमुळे. किल्लाबंदरला जाणारा रस्ता किल्ल्याच्या पोटातून जातो. वाटेत नागेश्वराचं देऊळ लागतं, चिमाजी अप्पांचं स्मारक लागतं आणि दोन्हीकडे झाडीत पडकी चर्चं. लहानपणी आम्ही तिथे लपाछपी खेळलो. भिंतींतून उंबर आणि पिंपळ उगवलेले, कमानी शाबूत, छप्पर एकालाही नाही. गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने १५३४ च्या तहात वसई पोर्तुगीजांना दिली आणि मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी ती घेतली. शाळेत हा विजय आम्हाला अभिमानाने शिकवला गेला आणि तो अभिमान आजही माझ्यात आहे. हजारो माणसं तिथे पडली. शरण आलेल्यांना बायकामुलांसह आणि सामानासह जाऊ दिलं, हीसुद्धा त्या विजयातली मोठी गोष्ट आहे.

पण फ्रान्सिस्कन चर्चच्या जमिनीत बसवलेले ते दगड मला कधीच स्वस्थ बसू देत नसत. थडग्यांवरचे दगड, त्यांवर कोरलेली अक्षरं आणि घराण्यांची चिन्हं. आम्ही त्यांवरून पळायचो. खाली कोण आहे हे कुणी सांगितलं नाही, कारण कुणाला माहीत नव्हतं. माझे बाबा निवृत्त झाल्यापासून रोज सकाळी किल्ल्यात फिरायला जातात. पानं साचली की ती हाताने बाजूला करतात, खराटा लावत नाहीत. त्यांनी मला त्या दगडांचे फोटो काढून पाठवले होते आणि ते माझ्या मोबाईलमध्ये होते.

लिस्बनचा विमानतळ शहरातच आहे. विमान घरांवरून इतकं खाली उतरतं की गच्चीवर वाळत घातलेले कपडे दिसतात. लाल कौलं, पांढऱ्या भिंती, एकीकडे नदीचं रुंद पात्र. ही तेजू, शाळेच्या नकाशातली टेगस. बाहेर पडल्या पडल्या मेट्रो मिळते. लाल मार्गाने आलामेदापर्यंत आणि तिथून हिरव्या मार्गाने मार्तिम मोनीश. उतरून वर आले तर समोर किराणा मालाची दुकानं, त्यांत हळद, मसूर, बासमतीची पोती, आणि बांगलादेशी, नेपाळी, पंजाबी माणसांची गर्दी. माझी खोली तिथल्याच एका गल्लीत होती. अंथरूण स्वच्छ होतं आणि मला झोपावंसं फार वाटत होतं. पण पश्चिमेला आल्यावर शरीराचं घड्याळ मागे सरकवायचं तर संध्याकाळचा उजेड डोळ्यांवर घ्यावा लागतो, आणि जूनमध्ये इथे सूर्य रात्री नऊच्या पुढे मावळतो. तोंडावर पाणी मारून बाहेर पडले.

पायाखाली लहान लहान चौकोनी दगड, पांढरा चुनखडीचा आणि काळा बेसॉल्टचा, हाताने ठोकून बसवलेले. शतकांच्या पावलांनी ते गुळगुळीत झाले आहेत, उतारावर जपून चालावं लागतं. पाच-सात मिनिटांत सांव दोमिंगुशचा चौक आला. तिथे आफ्रिकेतल्या गिनी-बिसाऊच्या बायका काजू आणि सुके मासे मांडून बसल्या होत्या, पुरुष उभ्याने गप्पा मारत होते. चर्चचा दर्शनी भाग साधा. मी आत गेले आणि जागच्या जागी थांबले.

आतले खांब जळलेले आहेत. नुसते काळवंडलेले नव्हेत. उष्णतेने दगडाचे टवके उडून गेले आहेत, कडा तुटल्या आहेत, काही ठिकाणी खांब कुरतडल्यासारखे दिसतात. १९५९ मध्ये इथे आग लागली. कित्येक वर्षं चर्च बंद होतं. १९९४ मध्ये ते पुन्हा उघडलं तेव्हा वर नवं छत घातलं, त्याला गेरूसारखा तांबडा रंग दिला आणि खांब मात्र जळले होते तसेच ठेवले. त्या खांबांच्या मधोमध बाकांवर माणसं बसून प्रार्थना करत होती. एक म्हातारे गृहस्थ उठताना आधारासाठी त्या फुटक्या खांबाला हात लावून उठले, रोजच्या सवयीने.

या चर्चला आगीपेक्षा जुनी जखम आहे. एप्रिल १५०६ मध्ये दुष्काळ आणि प्लेग चालू असताना इथे जमलेल्या लोकांना क्रुसावर दिव्य प्रकाश दिसला. सक्तीने ख्रिस्ती केलेल्या एका ज्यूने त्यावर शंका घेतली. त्याला मारलं, आणि मग पुढचे दिवस गावभर ज्यूंच्या घरांतून माणसं ओढून मारली, जाळली. त्या काळच्या बखरी दोन हजारांचा आणि त्याहून मोठा आकडा देतात. चौकात आता दगडाचं स्मारक आहे, २००८ मध्ये उभारलेलं. आणि चौकापासून हाकेच्या अंतरावर, रोसियो या मोठ्या चौकाच्या उत्तर टोकाला जिथे आज राष्ट्रीय नाट्यगृहाचे पांढरे खांब आहेत, तिथे इन्क्विझिशनचा, म्हणजे धर्माविरुद्ध जाणाऱ्यांना शिक्षा करणाऱ्या चर्चच्या न्यायसंस्थेचा, वाडा होता. त्याच इन्क्विझिशनचं न्यायालय १५६० पासून गोव्यात बसलं आणि त्याचा हात वसईपर्यंत पोचत होता. मी रोसियोच्या लाटांच्या नक्षीवर उभी राहून त्या नाट्यगृहाकडे बराच वेळ बघत राहिले. पायऱ्यांवर पोरं बसली होती. किल्ल्यातल्या ज्या भिंतींवर माझं मन जडलं आहे त्या भिंतींच्या आत भीतीही राहत होती, हे मला वसईत वाचून ठाऊक होतं. इथे ते ठाऊक असणं जड झालं.

तिथून कार्मोला चढून गेले. लोखंडी सांता जुश्ताच्या लिफ्टला लांब रांग होती, म्हणून पायऱ्यांनी.

कार्मोचा मठ १३८९ मध्ये नुनो आल्वारेस पेरेरा या सेनापतीने बांधायला घेतला. १ नोव्हेंबर १७५५, सकाळी साडेनऊच्या पुढे, सर्व संतांच्या सणाचा दिवस. गावातली सगळी चर्चं भरलेली, मेणबत्त्या लावलेल्या. भूकंप झाला, कार्मोचं छत खाली आलं. माणसं मोकळ्या जागेसाठी नदीकाठी पळाली, तर थोड्याच वेळात नदीतून समुद्राची लाट वर चढून आली. उलथलेल्या मेणबत्त्यांनी आगी लावल्या आणि त्या अनेक दिवस जळत राहिल्या. पुढच्याच वर्षी, १७५६ मध्ये, कार्मोची डागडुजी सुरू झाली होती, नव्या कमानी उभ्याही राहिल्या. पण १८३४ मध्ये देशातले मठ सरकारने बरखास्त केले, काम थांबलं, आणि नंतर त्या अर्धवट वास्तूतच पुरातत्त्वाचं संग्रहालय झालं. छप्पर कायमचं गेलं.

तिकीट काढून आत पाऊल टाकलं आणि माझे डोळे भरून आले. मी हे चर्च ओळखत होते. टोकदार कमानी, एकापुढे एक, आणि त्यांच्यावर थेट निळं आकाश. खाली हिरवळ. भिंतींना टेकवून ठेवलेले कोरीव दगड. युरोपात येणारी माणसं पूर्ण, झळाळती चर्चं बघायला येतात, आणि तशी या शहरात खूप आहेत. पण माझ्या मनात चर्च म्हटलं की जी आकृती उभी राहते तिला छप्परच नाही. वसई १७३९ ला पडली आणि वसई बांधणारं शहर त्यानंतर सोळा वर्षांनी कोसळलं. मे १७३९ मध्ये वसई सोडून गलबतात बसलेली, तेव्हा दहा वर्षांची असलेली एखादी मुलगी १७५५ ला जेमतेम सव्वीस वर्षांची असणार.

तिथे पहाऱ्यावर असलेल्या बाई साठीच्या आसपासच्या होत्या. मी एकाच जागी उभी आहे हे बघून त्या जवळ आल्या, बरं आहे ना असं इंग्रजीत विचारलं. मी मोबाईल काढून त्यांना बाबांनी पाठवलेले फोटो दाखवले. आधी कमानी. "हे आलेंतेजूमधलं का?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, भारतातलं. "गोवा?" नाही, बासाईं, मी वसईचं पोर्तुगीज नाव सांगितलं. ते त्यांनी ऐकलेलं नव्हतं. मी थोडक्यात सांगितलं: उत्तरेला, मुंबईच्या वर, दोनशे वर्षं तुमचे लोक तिथे होते, मग आमच्या लोकांनी ते घेतलं, आणि मी तिथली आहे. त्यांनी मान हलवली आणि पुढचा फोटो सरकवला. तो थडग्याच्या दगडाचा होता.

चष्मा कपाळावरून खाली घेतला, दोन बोटांनी फोटो मोठा केला आणि त्या वाचायला लागल्या. ओठांतल्या ओठांत, अडखळत. जुनं लेखन, शब्द तोडून कोरलेले, मधली अक्षरं झिजलेली. मग मला अर्थ सांगितला. हे थडगं एका बाईचं आहे. "दोना" आहे पुढे, म्हणजे मोठ्या घरची. नाव लागत नाही. कुणाची तरी पत्नी. आणि शेवटी लिहिलंय, तिच्या वारसांचं.

मी पुन्हा विचारलं. हो, त्या म्हणाल्या, तसं लिहायची पद्धतच होती. जागा विकत घेतलेली असायची, स्वतःसाठी आणि पुढच्या पिढ्यांसाठी.

म्हणजे त्या माणसांना वाटत होतं की आपली नातवंडं, पणतवंडं वसईतच मरतील आणि याच दगडाखाली येतील. मी लहानपणापासून त्यांना 'आलेले आणि गेलेले' असं समजत आले. राज्य करायला आलेले, मसाल्याच्या पैशासाठी आलेले, आणि ते खरंही आहे. १५५४ मध्ये सिमाँव बोतेल्यू या अधिकाऱ्याने वसईच्या गावांचा महसूल गाववार लिहून ठेवला आहे, ते सगळं कुणाच्या घामातून यायचं हे वेगळं सांगायला नको. तरीही या एका बाईने आमच्या मातीत कायमची जागा घेऊन ठेवली होती. १७३९ ला तिचे वारस कुठे गेले असतील, गोव्याला की याच शहरात, की जातीपातीच्या सीमा ओलांडून कुपारी-कोळ्यांच्या गावांत मिसळून गेले, हे तो दगड सांगत नाही. पण नाव लागलं तर निदान विचारता येईल.

बाई म्हणाल्या, फोटो वरून काढलाय, दुपारच्या उन्हात, म्हणून अक्षरं सपाट झाली आहेत. उजेड बाजूने पडायला हवा, आडवा. मग कोरीव रेघेत सावली भरते. "आमच्याकडेही असंच करतात," असं म्हणून त्यांनी मला कोपऱ्यातला एक दगड दाखवला आणि स्वतःच्या मोबाईलचा टॉर्च जमिनीला जवळजवळ टेकवून धरला. क्षणापूर्वी कोरा दिसणारा दगड अक्षरांनी भरून गेला. त्यांनी मला संग्रहालयाचा पत्ता लिहून दिला आणि नवे फोटो पाठव म्हणाल्या, तिथले जुनं लेखन वाचणारे लोक बघतील.

बाहेरच्या चौकात जॅकरांडाची जांभळी फुलं सडा पडल्यासारखी पसरली होती. २५ एप्रिल १९७४ ला याच चौकात, मठाला लागून असलेल्या बराकीत, देशाच्या हुकूमशाहीने शरणागती पत्करली आणि सैनिकांच्या बंदुकांत लोकांनी लाल फुलं खोवली. गोव्याच्या विलीनीकरणाला पोर्तुगालने मान्यता दिली ती त्याच वर्षाच्या शेवटच्या दिवशी, ३१ डिसेंबरला झालेल्या करारात. गोव्यातल्या माझ्या मावशीच्या पिढीसाठी हा चौक किती जवळचा आहे, आणि तिथे कुणाला त्याचं नावही माहीत नाही.

खालच्या बायशा भागातून मी भराभर गेले. सरळ रस्ते, एकसारख्या इमारती. भूकंपानंतर राजाचा मंत्री मार्किश द पोंबाल याने सगळं नव्याने आखून घेतलं. भिंतींच्या आत लाकडाचा सांगाडा घातला, पुढचा भूकंप पेलावा म्हणून. मला त्यातला दुसरा माणूस जास्त आवडतो. मुख्य अभियंता मानुएल दा माया. तो राज्याच्या दफ्तरखान्याचाही प्रमुख होता, तोर्रे दो तोंबोचा. भूकंपात लिस्बनच्या किल्ल्यातला दफ्तराचा बुरूज कोसळला, तेव्हा पंचाहत्तरी ओलांडलेल्या या माणसाने ढिगाऱ्याखालून कागद बाहेर काढवून घेतले आणि किल्ल्याच्या पटांगणात तात्पुरत्या लाकडी खोपटांत ठेवले. शहर कसं उभारायचं याचे पर्याय त्याने त्यानंतर लिहून दिले. आज पोर्तुगालचं जुनं दफ्तर वाचायला मिळतं ते त्याच्यामुळे. माझ्या दृष्टीने या शहरातला सर्वांत मोठा पुतळा त्याचा असायला हवा.

नदीकाठच्या प्रासा दो कोमेर्सिओमध्ये पोचले. इथे राजवाडा होता, शेजारी भारताच्या व्यापाराचं कार्यालय होतं, कासा दा इंदिया. दोन्ही १७५५ ला गेलं. याच नदीतून २० मे १५१५ रोजी गुजरातच्या सुलतान मुझफ्फरशहाने भेट दिलेला गेंडा आला होता. जानेवारीत गोव्याहून निघालेला तो प्राणी भाताच्या पेंढ्यावर जगून चार महिन्यांनी इथे उतरला. युरोपने हजार वर्षांहून अधिक काळात जिवंत गेंडा बघितला नव्हता. राजाने तो पुढे पोपला पाठवला, आणि इटलीच्या किनाऱ्याजवळ जहाज फुटून साखळदंडासकट तो बुडाला. बेलेंच्या बुरुजावर त्याचं डोकं कोरलेलं आहे, ते दुसऱ्या दिवशी बघायचं ठरवलं. मुझफ्फरशहाचा मुलगा तो बहादूरशहा, वसई देणारा.

पाण्यात उतरणाऱ्या संगमरवरी पायऱ्यांवर बसून बाबांना फोन लावला. वसईत रात्रीचे अकरा वाजत आले होते, ते जागेच होते. काय खाल्लंस, हे आईने मागून विचारलं. मग मी बाबांना दगडाचं सांगितलं. ते काही वेळ नुसतं ऐकत होते. वारसांचं सांगितल्यावर त्यांनी ते वाक्य माझ्याकडून पुन्हा वदवून घेतलं.

"आडवा उजेड ना?" ते म्हणाले. "मग सकाळी साडेसातला जातो. तेव्हा ऊन भिंतीवरून आत उतरतं. नाही उतरलं तर बॅटरी आडवी धरतो. तुझ्या आईला घेऊन जातो, एकाने धरायची, एकाने काढायचा."

"घाई नाही बाबा."

"आहे. पाऊस आठवड्यावर आलाय. एकदा शेवाळ धरलं की दिवाळीपर्यंत अक्षर दिसत नाही. आणि एकच का, सगळेच काढतो. त्या बाईंना विचारून ठेव, दगड ओल्या फडक्याने पुसलेला चालतो का."

मी उठले आणि कार्मोच्या पायऱ्या पुन्हा चढायला लागले. संग्रहालय बंद व्हायला अजून वेळ होता.